घराचा व्यवहार: किमतीपलीकडचा खर्च

घराच्या करारात लिहिलेली किंमत आणि घर नावावर होईपर्यंत घेणाऱ्याच्या खिशातून जाणारी रक्कम, हे दोन वेगळे आकडे आहेत. महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांत पुनर्विक्रीच्या सदनिकेसाठी हा फरक साधारणपणे किमतीच्या आठ ते दहा टक्के पडतो. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत वस्तू व सेवा कर आणि ताब्याच्या वेळची देणी धरली की तो आणखी वाढतो. विकणाऱ्यालाही पूर्ण किंमत सुटत नाही. दलाली, सोसायटीची देणी, कर्जाची बाकी आणि भांडवली नफ्यावरचा कर त्यातूनच वजा होतो.

हा खर्च कर्जातून भागत नाही, आणि नेमके हेच अनेकांना उशिरा कळते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतचे गृहकर्ज घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांचे ८० टक्के आणि त्यापुढचे ७५ टक्क्यांपर्यंतच देता येते. ही टक्केवारी काढताना मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी किमतीत धरायची नाही, असेही बँकांना बंधन आहे. त्याला अपवाद आहे तो १० लाखांपर्यंतच्या घरांचा, म्हणजे शहरात जवळजवळ कोणाचाच नाही. त्यामुळे घेणाऱ्याने स्वतःजवळ ठेवायची रक्कम म्हणजे घराचा २० ते २५ टक्के वाटा आणि त्यावर हा सगळा वरखर्च. बचतीचा हिशेब केवळ वीस टक्क्यांवर बेतलेला असेल, तर नोंदणीच्या आठवड्यात दागिने गहाण ठेवायची किंवा महागडे वैयक्तिक कर्ज काढायची वेळ येते.

मुद्रांक शुल्क आणि नोंदणी

सर्वांत मोठा घास मुद्रांक शुल्काचा. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम, १९५८ प्रमाणे ते आकारले जाते आणि वेगळा करार नसेल तर विक्रीच्या दस्तावरचे शुल्क घेणाऱ्यानेच भरायचे असते. मूळ दर ५ टक्के. मुंबईत १ एप्रिल २०२२ पासून त्यावर १ टक्का मेट्रो अधिभार लागतो, म्हणजे एकूण ६ टक्के. पुणे आणि ठाण्यात या अधिभाराशिवाय स्थानिक संस्थेचा आणखी १ टक्का असल्याने एकूण ७ टक्के होतात. ग्रामीण भागात दर कमी आहेत. घर निवासी असेल आणि केवळ स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्या नावे घेतले जात असेल, तर १ टक्का सवलत मिळते. ही सवलत २०२१ मध्ये आली तेव्हा ते घर १५ वर्षे पुरुषाला विकता येणार नाही अशी अट होती. ती २०२३ मध्ये काढून टाकली गेली. पती-पत्नी दोघांच्या नावे घर घेतल्यास मात्र सवलत लागू होत नाही. ८० लाखांच्या घरात ही सवलत ८० हजारांची असते, म्हणून कोणाचे नाव लावायचे हा निर्णय कर्जाच्या अर्जाआधीच व्हायला हवा. बँक उत्पन्न असलेल्या पतीला सहकर्जदार करून घेऊ शकते. सहकर्जदार असला म्हणजे तो मालकच असला पाहिजे असे नाही. याबाबतचे बँकेचे धोरण आधी विचारून घ्यावे.

शुल्क कोणत्या रकमेवर लागते, हे दराइतकेच महत्त्वाचे आहे. करारातली किंमत आणि शासनाच्या वार्षिक मूल्य दर तक्त्याप्रमाणे, म्हणजे रेडी रेकनरप्रमाणे, निघणारे मूल्य यांपैकी जे जास्त, त्यावर. हे तक्ते नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर गाव, विभाग आणि सर्व्हे क्रमांकानुसार पाहता येतात. मूल्यांकनात जुन्या इमारतीला वयानुसार घसारा मिळतो, पार्किंगचे मूल्य मात्र वेगळे मिळवले जाते. म्हणून नुसता दर पाहून गुणाकार करण्यापेक्षा वकिलाकडून किंवा दस्त तयार करणाऱ्याकडून पूर्ण मूल्यांकन काढून घेतलेले बरे.

किंमत कमी दाखवून शुल्क वाचवण्याचा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. तो ऐकू नये. रेडी रेकनरमुळे शुल्क फारसे वाचत नाही, कर्ज मात्र दाखवलेल्या किमतीवरच मिळते. शिवाय शासकीय मूल्य करारातल्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून अधिक जास्त असेल, तर आयकर खाते विकणाऱ्याचा नफा शासकीय मूल्य धरून मोजते आणि घेणाऱ्याच्याही उत्पन्नात तो फरक धरते. एकाच फरकावर दोघांना कर बसतो. पुढे तेच घर विकताना खरेदी किंमत कमी नोंदलेली असल्याने नफा फुगतो, तो तोटा वेगळाच. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे, आणि रोख स्वीकारणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. ‘थोडे रोख’ या मागणीला नकार देण्यासाठी एवढे कारण पुरेसे आहे.

नोंदणी फी किमतीच्या १ टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही. त्याशिवाय दस्ताच्या पानांप्रमाणे हाताळणी शुल्क भरावे लागते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी दोन्ही ‘ग्रास’ या शासकीय प्रणालीतून ऑनलाइन भरता येतात. शुल्क दस्तावर सह्या होण्यापूर्वी, त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी भरलेले असावे लागते, आणि सह्यांपासून चार महिन्यांत दस्त दुय्यम निबंधकापुढे नोंदवावा लागतो. त्यापुढच्या चार महिन्यांत नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत दंड भरून तो नोंदवता येतो. मुद्रांक शुल्क कमी पडले असल्यास तुटीवर दरमहा २ टक्के दंड चढतो. मूळ तुटीच्या चौपट होईपर्यंत तो थांबत नाही.

महाराष्ट्रात साठेखतावरच पूर्ण शुल्क भरले जाते आणि नंतरच्या खरेदीखतावर ते वजा धरून केवळ नाममात्र रक्कम लागते. म्हणून साठेखत आणि त्याची शुल्कपावती खरेदीखताला जोडलेली असली पाहिजे. ती न जोडल्यास पुन्हा पूर्ण शुल्काची मागणी होऊ शकते.

पुनर्विक्रीच्या घरात आणखी एक प्रश्न येतो, तो आधीच्या करारांचा. १० डिसेंबर १९८५ पासून महाराष्ट्रात ताब्यासह केलेल्या विक्री करारावर खरेदीखताप्रमाणेच शुल्क लागू झाले. त्यानंतरच्या काळात ज्या घराचे दोन-तीन वेळा हस्तांतरण झाले आहे, त्यातला एखादा करार अपुऱ्या शुल्काचा किंवा नोंदणीच नसलेला निघतो. मुंबई-ठाण्याच्या जुन्या सोसायट्यांत हे विरळ नाही. बँक अशी साखळी तुटलेली दिसली की कर्ज थांबवते. ही तूट आणि तिचा दंड कोणी भरायचा, याबाबत करारात मौन असेल तर घर नावावर करून घेण्याच्या घाईत घेणाराच तो भरतो. न्यायाने पाहता हा भार विकणाऱ्याचा आहे, आणि तसे लेखी घ्यावे.

नवे घर असेल तर

बांधकाम चालू असलेल्या निवासी सदनिकेवर १ एप्रिल २०१९ पासून ५ टक्के जीएसटी आहे. परवडणाऱ्या घरांवर तो १ टक्काच आहे. परवडणारे घर म्हणजे किंमत ४५ लाखांपर्यंत, आणि चटई क्षेत्र मुंबई महानगर प्रदेशात ६० चौरस मीटरपर्यंत, तर इतरत्र ९० चौरस मीटरपर्यंत. पुणे या व्याख्येत महानगर धरलेले नाही, त्यामुळे तिथे ९० चौरस मीटरची मर्यादा चालते. भोगवटा किंवा पूर्णत्व प्रमाणपत्र मिळाल्यानंतर विकलेल्या घरावर हा कर नाही, पुनर्विक्रीच्या घरावरही नाही. तयार आणि अर्धवट बांधकामाच्या घरांची तुलना करताना दोन्हींच्या किमती कर धरून समोर ठेवल्या, तर पुष्कळदा ‘स्वस्त’ वाटणाऱ्या घराचे आकर्षण कमी होते.

नोंदणीकृत करार न करता विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम स्वीकारता येत नाही, असे रेरा कायदा सांगतो. करार झाला की दुसरी यादी सुरू होते: सोसायटी स्थापनेचा खर्च, वीजमीटर आणि पाणीजोडणी, वर्ष-दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स, सामायिक निधी, वकिलाची फी. ही रक्कम ताब्याच्या पत्रासोबत मागितली जाते आणि तोवर घेणाऱ्याची बहुतेक शिल्लक संपलेली असते. प्रत्येक बाब आणि तिची रक्कम करारातच लिहिलेली असावी, आणि आगाऊ मेंटेनन्सचा हिशेब सोसायटी झाल्यावर तिच्याकडे द्यावा लागेल, असे कलम असावे. उघड्या किंवा इमारतीखालच्या स्टिल्ट पार्किंगची स्वतंत्र विक्री विकासकाला करता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल आहे. बंदिस्त गॅरेजची गोष्ट वेगळी.

सोसायटीची देणी

सहकारी गृहनिर्माण संस्थेत घर हस्तांतरित होताना हस्तांतरण फी ५०० रुपये आणि प्रवेश फी १०० रुपये एवढीच ठरलेली आहे. याशिवाय हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे प्रीमियम, घेता येतो. त्यावर शासनाने ऑगस्ट २००१ च्या परिपत्रकाने मर्यादा घातली. महानगरपालिका क्षेत्रात ही मर्यादा २५ हजार रुपये आहे आणि लहान गावांकडे जाताना ती उतरत जाते. सर्वसाधारण सभेने ठराव केला म्हणून ही मर्यादा ओलांडता येत नाही. तरीही ‘विकास निधी’, ‘ऐच्छिक देणगी’ अशा नावांखाली लाख-दोन लाख मागणाऱ्या सोसायट्या आहेत, आणि कर्जाचा हप्ता सुरू होण्याच्या धास्तीने माणसे ती रक्कम देऊन मोकळी होतात. ही मागणी बेकायदा आहे. मागणी लेखी द्यायला सांगावी, पावतीचा आग्रह धरावा आणि गरज पडल्यास उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करावी. घर कुटुंबातल्या व्यक्तीच्या किंवा वारसाच्या नावे होत असेल तर प्रीमियम लागत नाही.

घर विकण्यासाठी सोसायटीची ना हरकत आदर्श उपविधींप्रमाणे सक्तीची नाही, पण बँकेला ती हवी असते. व्यवहारात प्रीमियम दोघांनी निम्मा-निम्मा वाटून घेण्याची पद्धत आहे. थकलेला मेंटेनन्स, मोठ्या दुरुस्तीची वर्गणी आणि मालमत्ता कर मात्र ताब्याच्या तारखेपर्यंत विकणाऱ्याचा. दुरुस्तीची वर्गणी सभेत मंजूर झाली आहे पण बिलात अजून आलेली नाही, अशी अवस्था असू शकते. म्हणून सोसायटीकडून केवळ ‘थकबाकी नाही’ असा दाखला न घेता मागच्या वर्षभराचे सभेचे ठरावही पाहावेत.

जमीन सिडकोची, म्हाडाची किंवा शासनाने भोगवटादार वर्ग-२ म्हणून दिलेली असेल, तर त्या यंत्रणेची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागते. नवी मुंबईत हे नित्याचे आहे. ही रक्कम सोसायटीच्या प्रीमियमपेक्षा कितीतरी मोठी असू शकते, आणि परवानगीला वेळही लागतो.

बँक, वकील, दलाल

बँकेची प्रक्रिया फी साधारण कर्जाच्या पाव ते एक टक्का असते आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. मालकीची कागदपत्रे बँकेकडे गहाण ठेवल्याबद्दल महाराष्ट्रात कर्जाच्या सुमारे ०.३ टक्के मुद्रांक शुल्क लागते, आणि त्या गहाणाची सूचना ३० दिवसांत दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागते. काही बँका कर्जासोबत विमा पॉलिसी गळ्यात घालतात आणि तिचा हप्ता कर्जातच मिळवतात. विमा हवा की नको हे घेणाऱ्याने ठरवायचे. कर्जमंजुरीची ती अट होऊ शकत नाही.

तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, वृत्तपत्रातली जाहीर नोटीस आणि करारनाम्याचा मसुदा यासाठी वकिलाला शहरानुसार वीस-पंचवीस हजार आणि त्याहून अधिक द्यावे लागतात. बँकेचा वकील कागद तपासतो तो बँकेच्या हितासाठी. त्याच्यावर विसंबून स्वतःचा वकील न घेणे ही या सगळ्या यादीतली सर्वांत महागात पडणारी काटकसर आहे. दलाली दोन्ही बाजूंनी प्रत्येकी एक ते दोन टक्के चालते, पण हा कायद्याने ठरलेला दर नाही, त्यावर बोलणी होऊ शकतात.

उगमातून कापायचा कर

किंमत किंवा शासकीय मूल्य ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल, तर घेणाऱ्याने विकणाऱ्याच्या रकमेतून १ टक्का कर कापून तो सरकारकडे भरायचा असतो. हा जादा खर्च नाही. ८० लाखांच्या व्यवहारात विकणाऱ्याला ७९ लाख २० हजार आणि सरकारला त्याच्या पॅनवर ८० हजार जातात. पैसे दिले त्या महिन्याच्या अखेरीपासून ३० दिवसांत भरणा व्हावा लागतो. उशीर झाल्यास दररोज २०० रुपये फी आणि व्याज लागते. बँकेने थेट विकणाऱ्याला पूर्ण रक्कम देऊन टाकली आणि कर कापलाच गेला नाही, असे घडते. जबाबदारी तरीही घेणाऱ्याचीच राहते.

विकणारा परदेशस्थ असेल तर हा नियम लागू होत नाही. अमेरिकेत किंवा आखातात राहणाऱ्या मराठी माणसाचे पुण्यातले घर घेताना दीर्घकालीन नफ्याच्या १२.५ टक्के दराने, अधिक अधिभार व उपकर धरून, कपात करावी लागते. किंमत ५० लाखांखाली असली तरी. विकणाऱ्याने आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आणला नाही, तर ही कपात नफ्यावर न होता संपूर्ण किमतीवर होते, आणि त्याचे लाखो रुपये परतावा मिळेपर्यंत अडकतात. म्हणून दाखल्याचा अर्ज सौदा ठरताच करावा. परदेशातून पाठवलेले कुलमुखत्यारपत्र भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावे लागते, हेही त्याच वेळी ध्यानात ठेवावे.

विकणाऱ्याच्या हाती काय उरते

घरावर कर्ज असेल तर ते आधी फेडावे लागते. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नाही. पूर्ण फेड झाल्यावर बँकेने ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे असतात आणि तिच्यामुळे उशीर झाल्यास दररोज ५ हजार रुपये भरपाई द्यायची असते. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे.

खरा मोठा आकडा भांडवली नफ्यावरच्या कराचा. घर २४ महिन्यांहून अधिक काळ मालकीचे असेल तर नफा दीर्घकालीन. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी भारतीय व्यक्तीला दोन पद्धतींपैकी कमी कराची निवडता येते: महागाई निर्देशांक न लावता १२.५ टक्के, किंवा निर्देशांक लावून २० टक्के. दोन्ही मांडून पाहिल्याशिवाय निवड करू नये. समजा, २०१२-१३ मध्ये शुल्क व नोंदणीसह ४० लाखांना घेतलेले घर २०२५-२६ मध्ये ८० लाखांना विकले, आणि दलाली व सोसायटीचा वाटा मिळून ९२,५०० रुपये खर्च झाला. पहिल्या पद्धतीने नफा ३९ लाख ७,५०० आणि कर सुमारे ४ लाख ८८ हजार. दुसऱ्या पद्धतीत निर्देशांक २०० वरून ३७६ झाल्याने खरेदी किंमत ७५ लाख २० हजार धरली जाते, नफा ३ लाख ८७,५०० उरतो आणि कर ७७,५०० होतो. उपकर दोन्हींत वेगळा. एवढा फरक केवळ पद्धत निवडल्याने पडतो. घर खरेदी करतानाच्या मुद्रांक शुल्काच्या आणि दलालीच्या पावत्या दहा-पंधरा वर्षे जपून ठेवायच्या त्या याचसाठी.

नफा दुसऱ्या घरात गुंतवला तर करात सूट मिळते. नवे घर विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांत घ्यावे लागते, बांधायचे असेल तर तीन वर्षांची मुदत. त्याऐवजी सहा महिन्यांत ठरावीक सरकारी रोख्यांत ५० लाखांपर्यंत रक्कम गुंतवता येते.

एका घराचा हिशेब

पुण्यात ८० लाखांची पुनर्विक्रीची सदनिका, पती-पत्नीच्या नावे, ६४ लाखांचे कर्ज. स्वतःचा वाटा १६ लाख. त्यावर मुद्रांक शुल्क ५ लाख ६० हजार, नोंदणी ३० हजार, गहाणाचे शुल्क १९,२००, अर्धा टक्का प्रक्रिया फी जीएसटीसह ३७,७६०, एक टक्का दलाली ८० हजार, सोसायटीच्या प्रीमियमचा निम्मा वाटा १२,५००, सोसायटीच्या फिया ६००, वकील २० हजार. बेरीज ७ लाख ६० हजारांच्या घरात जाते. म्हणजे १६ नव्हे, साडेतेवीस लाखांहून अधिक रक्कम हाताशी हवी. रंगरंगोटी, सामानाची ने-आण, वीज-गॅसच्या जोडण्यांवरचे नाव बदलणे यांचा खर्च यात धरलेला नाही. हेच घर एकट्या पत्नीच्या नावे घेतले असते तर आकडा ८० हजारांनी उतरला असता.

हा हिशेब मांडण्याची वेळ विसार देण्यापूर्वीची आहे. टोकन दिल्यावर बोलणी करायला जागा उरत नाही. विसारपावतीवर किंमत आणि मुदतीबरोबर चार गोष्टी लिहून घ्याव्यात: प्रीमियम कोणी किती भरायचा, जुन्या दस्तांची मुद्रांक-तूट कोणाची, ताब्याच्या तारखेपर्यंतची देणी कोण चुकवणार, आणि कागदपत्रांतल्या दोषामुळे कर्ज नामंजूर झाले तर विसार किती दिवसांत परत मिळणार. या चार ओळी लिहून द्यायला समोरचा तयार नसेल, तर विसार देऊ नये.